उजनीवर शीड फाटलं तर

सोलापूरहून पुणे रस्त्यानं टेंभुर्णी गाठायला, मागं होडीची गाडी जोडलेली असली की दोन तास जातात. मेव्हणा आणि मी मिळून पुण्याहून 14 फुटी, फायबरची, शिडाची जुनी होडी घेतली. शनिवारी पहाटे उजनी धरणावर जायला निघायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर, रविवारी अंधार पडायच्या आत घरी. दर खेपेला काही ना काही तुटतंच. पहिल्या वर्षी त्यापायी इतकी चिडचिड व्हायची की परत येताना गाडीत आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. आता दुरुस्तीची एक पिशवी आणि ठरलेला क्रम आहे. नव्यानं शिडाची होडी घेणाऱ्यांसाठी तोच लिहितोय.

सगळ्यात आधी होडी थांबवा. हे मला एका मासेमारानं शिकवलं. शीड फाटलं होतं, मी एका हातानं दोर आणि दुसऱ्या हातानं फाटका भाग धरून उभा, आणि होडी वाऱ्याबरोबर वाहत चाललेली. तो लांबून ओरडला, "ओ दादा, आधी शीड खाली घ्या, मग काय ते करा!" तोवर होडी बुंध्यावर आदळलीच. 1980 साली भीमेवरचं हे धरण पूर्ण झालं तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. देऊळ निदान दिसतं तरी. पडक्या भिंती आणि बाभळीचे बुंधे वीतभर पाण्याखाली लपलेले असतात. म्हणून शीड खाली, नांगर टाकलेला, सगळे बसलेले, आणि मगच पिशवी उघडायची.

आता शीड. मी 22 वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो, त्यामुळं शिडाकडं मी आधी कापड म्हणून बघतो. हे पॉलिस्टरचं दाट विणीचं कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या, म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेनं फारसं ताणत नाही, पण तिरकं ओढलं की ताणतं. ठिगळ लावताना नेमकं हेच विसरलं जातं. ठिगळाचे धागे शिडाच्या धाग्यांना समांतर बसले पाहिजेत. तिरकं बसलं तर वारा भरल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी ताणतात, चुण्या पडतात आणि ठिगळाच्या कडेला नवीन फाट सुरू होते. कापड उन्हाकडं धरलं की विणीची रेघ स्पष्ट दिसते.

उजनीच्या पाण्याचा हिरवट थर कापडावर बसतो आणि त्यावर चिकटपट्टी धरत नाही. प्यायच्या पाण्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या. शिडाची चिकटपट्टी फाटीच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त घ्या आणि कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. दोन्ही बाजूंनी लावून चमच्याच्या पाठीनं दाबत घासा. फाट हातभर असेल तर वरून शिवणही घाला. सुई गोधडीची चालते, दाभण नको, भोकं मोठी पडतात. दोरा पॉलिस्टरचा, मेणावरून ओढून घेतलेला. सुती दोरा ओल आणि ऊन खाऊन कुजतो. टाके नागमोडी घाला. एका सरळ रेघेत भोकं पडली की कापड तिथूनच कागदासारखं फाटतं. फाट शिडाच्या कडेपर्यंत गेली असेल तर मात्र ते शीड त्या दिवशी पुन्हा चढवू नका, वल्हं मारत परत या.

सुकाणू मागच्या बाजूला बिजागरीसारख्या दोन कड्यांवर बसतं. त्या कड्यांचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. पाण्यावर असताना दोरीनं आवळून बांधायचं आणि जमेल तसं वल्ह्यानं दिशा धरायची. घरी आल्यावर स्क्रू नुसते पिळून भागत नाही, भोक सैल झालेलं असतं. आरपार स्टेनलेसचे बोल्ट घाला, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा नट. शिवाय सुकाणूला एक दोरी कायमची बांधून ठेवा. आमचं एकदा निसटून वाहत गेलं होतं.

छोटं पेट्रोल इंजिन सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असला की पेट्रोल उतरत नाही. हे कळेपर्यंत दोरी ओढून ओढून मेव्हण्याच्या तळहाताला फोड आले होते. त्यानंतर प्लग काढून पुसा. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं तर इंजिन बंद करून वर उचला आणि जाळं हातानं सोडवा. सुरी चालवायची घाई करू नका, त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं. कापावंच लागलं तर किनाऱ्यावर मालक शोधून भरपाई द्या. पंख्याची पिन तुटली असेल तर तिथं खिळा ठोकू नका. ती मऊ पिन तुटण्यासाठीच असते, तिच्या जागी कडक खिळा बसला तर पुढच्या धक्क्याला गिअर जातो. दोन पिना जास्तीच्या ठेवाव्यात.

तळाला पडलेल्या चरेला किनाऱ्यावर, कोरडं करून एम-सील पुरतं. फायबरचं मोठं काम घरीच करा, तेही पहाटे. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर असतो. मी भर दुपारी वाटीभर रेझिन (फायबरला लावायचा चिकट द्रव) हार्डनरबरोबर, म्हणजे ते घट्ट करणाऱ्या रसायनाबरोबर, कालवलं आणि ब्रश बुडवेपर्यंत ते तापून वाटीतच गोळा झालं. हार्डनर कमी आणि एका वेळी थोडंच कालवायचं.

वळवाच्या दिवसांत आभाळ काळं झालं आणि वारा एकदम पडला, तर हातातली दुरुस्ती तशीच टाकून किनारा गाठा. मे 2024 मध्ये उजनीकाठच्या कुगाव आणि कळाशी या गावांच्या मध्ये अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तेव्हापासून आमच्या होडीत गुडघाभर पाण्यातसुद्धा कुणी लाइफ जॅकेट काढत नाही, माझा 15 वर्षांचा मुलगा कितीही कुरकुरला तरी.

रविवारी रात्री घरी पोचलं की शीड ओलं ठेवू नका. मी गच्चीवर पसरतो, आणि सोमवारी कोरडं शीड गल्लीतल्या शिंप्याकडं नेतो. तो चिकटपट्टीवरून मशिननं नागमोडी शिवण मारून देतो. मग ते घडी न घालता गुंडाळून ठेवायचं.