वय वाढतंय आणि साडीही नेसायचीय: क्रॉसड्रेसर मंडळींनो, खाण्या-व्यायामातल्या या चुका टाळा

नागपुरात हौसेनं साडी नेसणारे, सलवार-कुर्ता घालणारे पुरुष कमी नाहीत. धरमपेठेत आहेत, महालात आहेत, मिहानकडच्या नव्या फ्लॅटमध्येही आहेत. त्यातले बरेचसे पन्नाशी-साठीचे, लग्न झालेले, काही जण तर आजोबा. बहुतेकांना शरीर कायमचं बदलायचं नसतं. महिन्यातून एखाद-दोन वेळा काही तास तयार व्हायचं, आरशात बघायचं, जमलं तर मैत्रिणींसोबत चहा घ्यायचा, एवढंच. (ज्यांना खरोखर स्त्री म्हणून जगायचंय त्यांचे प्रश्न आणि उपचार वेगळे, त्यांच्यासाठी हा लेख अपुरा आहे.)

तिशीत हे सगळं शरीर निभावून नेतं. पन्नाशीनंतर साखर, बीपी, गुडघे, प्रोस्टेट रांगेत उभे राहतात आणि तेव्हा चुका महागात पडायला लागतात. माझं मत विचाराल तर यातल्या बऱ्याच चुका माहितीच्या अभावी होतच नाहीत, लपवाछपवीपायी होतात. पाणी कमी प्यायचं कारण लपणं, जिमला न जायचं कारण लपणं, डॉक्टरला टाळायचं कारणही तेच.

कॉर्सेट घालून कंबर मोजणं

कॉर्सेट किंवा शेपवेअर काढलं की कंबर परत होती तिथंच येते. घट्ट पट्टा बांधून पोटाची चरबी जळत नाही, ती फक्त इकडची तिकडं सरकते. तरी "माझी कंबर बत्तीस" म्हणून खूश असणारे भेटतात, आणि शेपवेअर काढून टेप लावला तर आकडा चाळिशीला टेकलेला असतो.

तयार होणं ही आवड आहे, पण धोका पुरुषाच्या शरीराचाच राहतो. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच धरतात. त्यावर गेलात की मधुमेह आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. टेप सकाळी उपाशीपोटी, उघड्या अंगावर, श्वास सोडून लावायचा. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. ब्लाऊज शिवताना टेलरनं घेतलेलं माप इथं चालत नाही.

कॉर्सेट घालून व्यायाम तर अजिबात करू नका. पोट आवळलेलं असलं की श्वासपटल नीट खाली उतरत नाही, धाप लवकर लागते आणि चक्कर येऊ शकते. जेवल्यावर घातलं तर आम्ल वर चढून छातीत जळजळतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येणं, बधिरपणा, आग होणं असं काही सुरू झालं तर घट्ट कपड्यानं कमरेच्या पुढून मांडीत जाणारी नस दाबली जातेय असं समजा. बहुतेक वेळा पट्टा सैल केला आणि काही आठवडे टाळला की हे कमी होतं. नाहीच झालं तर दाखवून घ्या. साखरेच्या रुग्णाला हीच लक्षणं साखरेमुळेही येऊ शकतात.

"ताई, वजनं उचलली तर दंड फुगतील ना?"

हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की उत्तर एकदाच देऊन टाकते: नाही फुगणार. पन्नाशीनंतर स्नायू कमवायला पहिलवानासारखी मेहनत आणि खुराक लागतो. तिशीनंतर स्नायू दर दशकाला अंदाजे 3 ते 8 टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. दंड बारीक दिसावेत म्हणून नुसतं चालत राहायचं आणि पोट उपाशी ठेवायचं, यात चरबीसोबत स्नायूही जातो. मग सत्तरीत खालून उठताना हात टेकावा लागतो. हाडं ठिसूळ होणं हा फक्त बायकांचा आजार आहे असं समजू नका, म्हाताऱ्या पुरुषांची खुब्याची हाडंही मोडतात.

खांद्याची रुंदी ही हाडांची रुंदी आहे. ती कोणत्याही डाएटनं कमी होत नाही, म्हणून तिच्यासाठी उपाशी राहणं बंद करा. नितंब आणि मांड्या मात्र व्यायामानं भरतात, आणि गंमत म्हणजे तब्येतीला हवेत तेच व्यायाम आकारालाही हवे असतात. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. प्रत्येकी 10 ते 12 वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मधे विश्रांती. सोबत रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी मागं ओढायचा, म्हणजे पाठीचा वरचा भाग मजबूत होतो. पाठ वाकली की महागाचा ब्लाऊजसुद्धा गळ्याशी लोंबतो.

जिमची भीती असते ती पाय वॅक्स केलेले कुणी बघेल याची. पूर्ण लांबीची ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला की प्रश्न मिटतो. कपडे घरूनच घालून जा, बदलायच्या खोलीत जायची गरज नाही. तरीही नको वाटत असेल तर वर सांगितलेलं सगळं घरच्या खोलीत होतं. फक्त वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलं त्या दिवशी घाम गाळू नका, केसांच्या मुळाशी पुरळ उठतं. साखर असेल तर ब्लेडची जखम भरायला वेळ लागतो, त्यांना ट्रिमर बरा.

चालायला जागा शहरात हवी तेवढी आहे. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, महाराजबाग. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं किमान प्रमाण आहे. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी साडेसातच्या आत घरी परत या.

बायको माहेरी, सावजी घरी

तयार व्हायची संधी कधी मिळते? घर रिकामं असेल तेव्हा. बायको माहेरी गेली, पोरं पुण्याला, दोन दिवस आपलेच. आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत खाण्याचं वाटोळं होतं. सकाळपासून पोट सपाट दिसावं म्हणून काही खायचं नाही, दिवसभर काळ्या चहावर, संध्याकाळी फोटो काढून झाले की सावजी मटण, तेलाचा तवंग असलेली पाटोडी आणि सोबत दोन बिअर. रात्री अकराला जेवण, बाराला झोप.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं असं केलं तर ते जीवावर बेतू शकतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढतात. हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढं अंधारी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि मग काहीतरी खा. घरात एकटं असताना मोबाईल ड्रेसिंग टेबलवर नको, हाताशी हवा.

त्या दिवशी खायचं काय? सकाळी पोटभर, पण फुगवणारं नाही: दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी, किंवा मुगाचं धिरडं आणि दही. कॉर्सेट घालायचं असेल तर जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. कोबी, वाटाणा, राजमा आणि सोड्याची बाटली आदल्या दिवशीपासून बाजूला ठेवा, पोट आपोआप हलकं वाटतं. रात्री सावजी खायचंच असेल तर खा, मी काही संत नाही. पण वरचा तेलाचा तवंग काढून टाका, पोळ्या मोजून घ्या आणि सोबत काकडी-कांदा भरपूर.

तर्री पोह्यांबद्दलही हेच. पोहे कमी, तर्रीतले म्हणजे झणझणीत रश्श्यातले चणे जास्त, वरचा तेलाचा थर बाजूला. चणा प्रोटीन देतो, नुसते पोहे साखर चढवतात.

प्रोटीनकडे मंडळींचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष असतं. वय झालेल्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागं 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, म्हणजे 65 किलोच्या माणसाला दिवसाला 65 ते 78. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास, 30 ग्रॅम कोरड्या डाळीत 7, तेवढ्याच सोया वड्यांत 15. सकाळी पोहे, दुपारी भात-वरण, रात्री पोळी-भाजी अशा जेवणात हा आकडा गाठला जात नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोयानं छाती वाढते म्हणून

विदर्भात सोयाबीन पिकतं, स्वस्त आहे, खा. पण सोयानं, जवसानं, बडीशेपेनं किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या "ब्रेस्ट पावडर"नं बाईसारखी छाती येत नाही. पावडरीत नेमकं काय घातलंय हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याहून वाईट म्हणजे मेडिकलच्या दुकानातून आणून परस्पर गर्भनिरोधक गोळ्या खाणं. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळं रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि वय, बीपी, सिगारेट जोडीला असेल तर तो आणखी चढतो. हार्मोन हवेच असतील तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा, रक्ताच्या तपासण्या करून घ्या. गुपचूप नको.

पाणी न पिणं

बाहेर तयार होऊन जायचं तर कुठल्या शौचालयात जायचं हा खरा पेच आहे. मग लोक सकाळपासून पाणीच बंद करतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, वर विग, आत पॅडिंग, पोटाला शेपवेअर आणि त्यात शरीरात पाणी नाही. घाम वाळत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. मूतखडा होतो, लघवीचा संसर्ग होतो, उष्माघातही होऊ शकतो. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी झपाट्यानं कमी होतं.

यावर तोड अशी: उन्हाळ्यात बाहेरचा कार्यक्रम संध्याकाळी सातनंतरच ठेवा किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरी. निघण्याच्या दोन तास आधी पाणी पिऊन घ्या, निघताना मोकळे व्हा. परतल्यावर ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. लघवी तुंबवून ठेवायची सवय प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला विशेष नडते. वारंवार जावं लागतं, धार बारीक झालीय, रात्री तीनदा उठावं लागतं, अशी लक्षणं असतील तर ती "वयाची" म्हणून सोडू नका.

टकिंगबद्दल, म्हणजे पुढचा उभार दिसू नये म्हणून लिंग मागं दाबून बांधण्याबद्दल, थोडक्यात. टेप लावून तासन्‌तास राहू नका, झोपू तर मुळीच नका, आणि हर्नियाचा फुगवटा असेल तर ते बंदच करा. दुखायला लागलं की लगेच सोडवा.

उंच टाचा आणि ताठ पोटरी

उंच टाचांच्या चपला वारंवार घातल्या की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर आखूड होते. मग सपाट चपलेत चालताना टाच दुखते. फरशीवर चार इंची टाचांनी तासभर चालायचा सराव करणाऱ्यांनी आधी एक पाय उचलून, स्वयंपाकघरातल्या ओट्याला एक बोट टेकवून, तीस सेकंद उभं राहून दाखवावं. तोल जात असेल तर तुमच्यासाठी दोन इंची, रुंद टाच. टाचा काढल्यावर भिंतीला हात टेकून मागच्या पायाची टाच जमिनीला लावून तीस सेकंद ताण द्या, मग गुडघा थोडा वाकवून तसंच. दोन्ही पाय, तीन-तीनदा. एक पायावर उभं राहण्याचा सरावही रोज करा.

खर्रा

आमच्या शहराची ही खास देणगी. हजाराची लिपस्टिक लावायची आणि तिच्याआड सुपारी-तंबाखू चघळायची. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, तिखट लागलं तरी आग होते, कॅन्सरचा धोका वाढतो. दोन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे आजच जा.

अपराधीपणाच्या भरात सगळं सोडून देणं

कधीतरी मन खातं, मग सगळ्या साड्या, विग, दागिने गाठोड्यात बांधून टाकून दिले जातात. सहा महिन्यांनी परत खरेदी. हीच माणसं व्यायामही असाच करतात. साडी टाकली त्याच दिवशी चालणं बंद, कारण "आता कोणासाठी सुंदर दिसायचं?" व्यायाम साडीशी बांधू नका. तुमचं काळीज तुम्ही पँट घातली तरी तेच असतं. आणि उपाशी राहून पंधरा दिवसांत सात किलो उतरवायच्या फंदात पडू नका. झपाट्यानं वजन घटवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. आठवड्याला अर्धा किलो पुरे.

डॉक्टरपासून लपवणं

छातीवरचे केस काढलेले, खांद्यावर ब्राच्या पट्ट्याचे वळ, म्हणून ईसीजी वर्षानुवर्षं टाळणारे आहेत. ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवायला केस नसले तर उलट सोपंच जातं. कुणी विचारलं तर "काढले" एवढं उत्तर पुरतं. पण घेत असलेल्या सगळ्या गोळ्या मात्र सांगायच्या, हार्मोनच्या सुद्धा.

आणि तयार असतानाच छातीत दुखलं, धाप लागली, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, तोंड वाकडं झालं किंवा उन्हात बोलताना तुटकपणा आला, तर कपडे बदलत बसू नका. 108 लावा किंवा शेजाऱ्याला हाक मारा. कॉर्सेट सोडवा, विग काढा. एका बोटाचं नेलपॉलिश पुसता आलं तर पुसा, गडद रंगामुळं ऑक्सिजन मोजणारं यंत्र चुकू शकतं. जमलं नाही तर तसेच निघा.