घर बघायला रात्री साडेदहाला जा

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या एका नव्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा डबा खाताना विचारत होती, "ताई, घर कुठे बघू? सगळ्यात स्वस्त कुठे पडेल?" मी म्हटलं, कसारा. ती हसली, पण मी गंमत करत नव्हते. सीएसएमटीपासून 121 किलोमीटर. कल्याण सोडलं की मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात आणि दोन्हीकडे स्टेशनागणिक दर उतरत जातो. त्यामुळे स्वस्त कुठे हे कळायला डोकं लागत नाही. आपल्या घराला ते स्वस्त पडेल का, हे कळायला मात्र आमचं एक वर्ष गेलं.

मी परळला नर्स आहे, नवरा महापे एमआयडीसीत. सहा वर्षं डोंबिवलीत भाड्याने काढली, सोबत सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. दिवा ते वांगणी नऊ ठिकाणं पाहिली आणि 2023 मध्ये बदलापूर पूर्वेला वन बीएचके घेतला. त्या वर्षाची एक वही आहे, हे त्यातलंच.

स्टेशनांची नावं लिहायच्या आधी वहीत आकडा लिहा. बँक किती कर्ज देईल हा तो आकडा नव्हे, बँक भरपूर देते. आम्ही असं केलं: भाडं 11,500 आणि दरमहा आरडीत टाकत होतो ते 8,000, म्हणजे 19,500 रुपये आमच्या हातातून तसेही जात होतेच. हप्ता त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो, तेव्हा कर्ज झालं साडेबावीस लाख. जवळ साडेसात लाख होते. एकूण तीस. पण तीस लाखांचं घर बघायचं नाही, सत्तावीसचं बघायचं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील, बँकेची फी, सोसायटीचं ट्रान्सफर, खिडक्यांच्या ग्रिल असं करत तीन लाख कधी उडतात कळत नाही, आणि यातल्या बहुतेक खर्चाला कर्ज मिळत नाही.

मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे बदलतं. मुंबईत 6 टक्के, ठाणे-कल्याणकडच्या महापालिकांच्या हद्दीत 7 टक्के. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, नवरा कर्जाला सहअर्जदार आहे. "म्हणजे घर तुझं आणि हप्ता माझा," असं तो येईल त्या पाहुण्याला ऐकवतो. ऐकवू दे, सत्तावीस हजार वाचले.

आता स्टेशन. इथे बहुतेक लोक गाडीचा वेळ मोजतात आणि फसतात. जाहिरातीतलं "स्टेशनपासून पाच मिनिटं" तर सोडूनच द्या, ती मिनिटं बिल्डरच्या गाडीची असतात. मोजायचं ते दाराला कुलूप लावल्यापासून ड्युटीच्या रजिस्टरवर सही करेपर्यंत. माझ्या बाबतीत त्यात घर ते स्टेशन, प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, फास्ट गाडीने दादर, तिथून परळपर्यंत चालणं किंवा स्लो गाडी, एवढं सगळं येतं. नवऱ्याची वाट वेगळीच. त्याच्या कंपनीची बस काटई नाक्यावरून जाते, म्हणजे त्याला रेल्वेपेक्षा बदलापूर-काटई रस्ता आणि शिळफाट्याची कोंडी महत्त्वाची. दोघांचे दोन रकाने करा. एकाचा वेळ वाचून दुसऱ्याचा दुप्पट होत असेल तर ते घर नको, वर्षभरात त्यावरून भांडणं होतात.

वांगणीची गोष्ट सांगते. तिथे तसाच वन बीएचके आम्हाला सहा लाखांनी कमी सांगत होते. नवरा तयारच झाला. माझी मावशी तिथे राहते, मी म्हटलं, आठवडाभर तिच्याकडून ड्युटी करून बघते. बदलापूरच्या पुढे गाड्या विरळ होतात, एक चुकली की पुढची पाऊण तासाने. शिवाय बदलापूरला गाडी सुटते तिथेच बसायला मिळू शकतं, कर्जतहून भरून आलेल्या गाडीत "कुठे उतरणार?" विचारत उभं राहावं लागतं. आठवड्याच्या शेवटी हिशेब केला. जाताना-येताना मिळून रोज ऐंशी मिनिटं जास्त, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे चौतीस-पस्तीस तास. सहा लाखांचा हप्ता महिन्याला साधारण 5,200. थोडक्यात, वांगणीला राहून मी माझे तास तासाला दीडशे रुपयांनी विकणार होते. माझा तेव्हाचा पगार 31,000, तोही तासाला दीडशेच पडतो! म्हणजे हिशेबाने बरोबरीच झाली. तुमचं काम बदलापूर-अंबरनाथ एमआयडीसीत असेल, किंवा घरून असेल, तर वांगणी-शेलू-नेरळ खुशाल बघा, सहा लाख थोडे नाहीत. माझा निकाल रिक्षाने लावला. सेकंड शिफ्ट सुटून मी स्टेशनबाहेर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते, रिक्षा एकही नव्हती, आणि मावशीच्या गल्लीपर्यंत दिव्याचे खांब होते पण दिवे नव्हते.

शेअर रिक्षाचाही हिशेब करून टाका. माणशी वीस रुपये, दोघं जण, जाऊन-येऊन, सव्वीस दिवस: 2,080 रुपये. एवढ्यात अडीच लाखांच्या कर्जाचा हप्ता जवळजवळ निघतो. म्हणून स्टेशनपासून तीन किलोमीटरवरचं घर चालत जाण्याच्या घरापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळत असेल, तर ते महागच आहे.

जागा एकदा रविवारी दुपारी बघतात सगळेच. तेव्हा बिल्डरची पोरं सरबत देतात, ऊन छान पडलेलं असतं. तुम्ही एकदा कामाच्या दिवशी रात्री साडेदहाला जा, आणि एकदा जुलैत धो धो पाऊस पडत असताना जा. सेल्स ऑफिसात नाही, नुसतं गल्लीतून फिरा. मी फिरताना काय बघायचे ते सांगते. गॅलऱ्यांमध्ये निळे ड्रम दिसले की पाण्याची बोंब आहे, कुणाला विचारायची गरज नाही. टँकरवाला दिसला तर त्याला थांबवून विचारा, कुठल्या कॉम्प्लेक्सना आठवड्यातून किती फेऱ्या. त्याच्याइतकी खरी माहिती वॉचमन देत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी तर नाहीच. किती बिऱ्हाडं खरंच राहतात हे कळायला मीटररूममध्ये जायचं. मीटरवर दिवा लुकलुकतोय का ते मोजा. एका सात मजली इमारतीत "सगळे फ्लॅट विकले गेले, दोनच उरलेत" असं आम्हाला सांगितलं, आणि चालू मीटर निघाले नऊ. बाकी सगळे गुंतवणूकवाले. अशा इमारतीत मेंटेनन्स नऊ घरांच्या माथी येतो आणि लिफ्ट बिघडली की बिघडलेलीच राहते. इस्त्रीवाला आणि मेडिकलवाला, या दोघांकडे पाच मिनिटं उभं राहिलात तरी एरिया कळतो. रात्री मेडिकल किती वाजता बंद होतं हे सासूबाईंमुळे मला विचारावंच लागायचं.

पावसाचं मनावर घ्या. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढले. तो उल्हास नदीचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात "रिव्हर व्ह्यू" म्हणून इमारती विकल्या जातात. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. जागेचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपालिकेत विकास आराखड्याच्या नकाशावर ती कुठून जाते ते बघा. तेवढा वेळ नसेल तर तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी दारात उभं राहून "2019 ला पाणी कुठवर आलेलं?" एवढं विचारा. लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. मीटरचा बोर्ड नेहमीपेक्षा उंच, छातीच्या वर बसवलेला दिसला, तरी समजून जा.

तसंच कारखान्यांचं. डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये मोठे स्फोट झाले. पहिल्या स्फोटाच्या वेळी आम्ही तिथे नव्हतो, पण आमच्या भाड्याच्या घराची मालकीण काचा फुटल्याचं सांगायची. केमिकल कंपन्यांच्या कुंपणाला लागून दर कमी असतो तो उगाच नाही.

कागदांचं इथे सगळं सांगत नाही, त्यासाठी वकील करा, चार पैसे जाऊ देत. पण कागदांचाही एरियाशी संबंध असतो, तेवढं सांगते. कल्याण-शिळ रस्त्याच्या आतल्या बाजूला गावांच्या हद्दीत आम्हाला एक इमारत फार आवडली होती. महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी नंबर होता, ब्रोशर गुळगुळीत. मी 11,000 टोकन देऊन बसले. नंतर बांधकाम परवानगीची प्रत घेऊन नगररचना विभागात गेले, तर त्या जावक क्रमांकाची नोंद वेगळ्याच गावातल्या वेगळ्याच कामाची निघाली. टोकनमधले 5,000 परत मिळाले, बाकीचे शिकवणीची फी. पुढे कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण गाजलं. बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. महारेराचा नंबर असायलाच हवा, पण तो बघून थांबायचं नाही. परवानगीचा कागद ज्या कार्यालयाने दिलाय तिथे स्वतः जाऊन जुळवायचा. आणि ज्या गल्लीत कुठल्याच सरकारी बँकेने कर्ज दिलेलं नाही, फक्त एकच फायनान्सवाला "सगळं करून देतो" म्हणतोय, तिथून काढता पाय घ्यायचा.

दराबद्दल दलालाशी वाद घालू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर सूची क्रमांक 2 फुकट बघता येते. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या इमारतीत कोणी कितीला घेतलं ते दिसतं. रोखीत दिलेलं त्यात दिसत नाही, तरी अंदाज येतो. आम्हाला जो फ्लॅट 29 ला सांगितला होता, त्याच मजल्यावरचा चार महिन्यांपूर्वी 26 ला नोंदला गेला होता. प्रिंट काढून टेबलावर ठेवली. पंधरा मिनिटांत 27 ला सौदा झाला. तुलना कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच करा, एक जण बिल्ट-अप सांगतो, एक सुपर बिल्ट-अप, आणि दर स्वस्त वाटतो तो त्यामुळेच.

नवीन की रिसेल? माझं मत रिसेल, सात-आठ वर्षं जुनी इमारत, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेलं, सोसायटी झालेली. जीएसटी नाही, भाडं आणि हप्ता दोन्ही भरायची पाळी नाही, आणि पाणी किती वाजता येतं ते शेजारीण सांगते. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी 5 टक्के, 45 लाखांच्या आतल्या आणि मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला 1 टक्का. ते घ्यायचंच असेल तर करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, बिल्डरला तो मागताच येत नाही.

आणि येणाऱ्या मेट्रोचे पैसे तर मुळीच देऊ नका. बदलापूरला मेट्रो 14 येणार, ऐरोली-काटई रस्ता होणार, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होणार, हे सगळं ब्रोशरमध्ये असतं. होईल तेव्हा होईल, माझ्या वहीत त्या रकान्यात शून्य होतं.

म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत आम्ही दोनदा भरली, नाही लागली. भरा मात्र जरूर. शिरढोण, खोणी, विरार-बोळिंज इथली घरं असतात, पण तिथेही आधी जाऊन रात्रीची रिक्षा बघा. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा आमच्यानंतर, सप्टेंबर 2024 ला आला. वर्षाचं घरचं उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नाही, असं असेल तर व्याजात एकूण 1 लाख 80 हजारांपर्यंत मदत आहे. आमचं हुकलं. अजून बोचतं.

घराचा शेवटचा निर्णय सासूबाईंनी केला. आम्ही दोघं आकडे मांडत होतो, त्या खाली जाऊन बाकावर बसल्या. अर्ध्या तासाने वर आल्या तेव्हा त्यांना भाजीवाल्याचा भाव, शाळेची व्हॅन कुठे थांबते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं माहेर, तिन्ही माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, हे मात्र आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. दिवसाही ट्यूब लावते.

वॉर्डातली ती मुलगी गुरुवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर माझ्याबरोबर अंबरनाथला उतरणार आहे. तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही बोलावलंय. चप्पल चालायची घाल आणि बॅटरी आण म्हटलंय, मीटररूममध्ये दिवा नसतो.