कोकणातल्या परसात सुगंधी तंबाखूची फुलं

सुगंधी तंबाखूच्या (निकोटियाना) बियांच्या पाकिटावर 'थंडी सरल्यावर पेरा' असं छापलेलं असतं. ती सूचना थंड देशांसाठी आहे. तिच्या नादाने फेब्रुवारीत बी टाकलं तर रोप फुलावर येईतो वैशाखाचं ऊन गाठतं, आणि त्यातून तगलं तर मृगाच्या पावसात कुजतं. आपल्याकडे हे हिवाळी झाड. पाऊस ओसरला की नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान पेरावं. डिसेंबरअखेर ते मार्चपर्यंत फुलं मिळतात.

वासासाठी लावायचं तर पांढरंच घ्या. निकोटियाना अलाटा दोन-तीन फुटांचं होतं, सिल्व्हेस्ट्रिस चार-पाच फुटांचं, लांब नळीची फुलं खाली लोंबणारं. दोन्ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. नर्सरीत दिसणारे लाल-गुलाबी बुटके संकर दिवसाही छान दिसतात, पण बहुतेकांना वास नावापुरताच.

बी खसखशीहून बारीक असतं, आणि रोपं हातची जातात ती बहुधा इथेच. उथळ ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं जुनं शेणखत भरा, आधी भिजवा. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरवा. वाळू नदीची हवी, किनाऱ्यावरची खारट नको. वर माती अजिबात घालू नका, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो; तळहाताने नुसतं दाबा. झारीने पाणी घातलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी आणि मग उचलून निथळावा. मुंग्या बी ओढून नेतात. ट्रे विटांवर ठेवून विटा पाण्यात ठेवल्या की प्रश्न मिटतो.

दहा ते वीस दिवसांत हिरवी नखं दिसतात. दाटी झाली आणि माती सतत चिंब राहिली तर रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. वेळीच विरळणी करा, वारा खेळू द्या. चार-पाच पानांवर आली की लावा. अलाटाला दीड फूट, सिल्व्हेस्ट्रिसला दोन-अडीच फूट अंतर. जांभ्याच्या तांबड्या मातीत दोन भागांना एक भाग शेणखत आणि एक भाग कुजलेला पाला मिसळावा. कुंडी किमान 12 इंची.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, त्याने पानांच्या कडा करपतात. गडग्याचा किंवा केळीचा आडोसा द्या. वास सुटतो रात्री, आणि रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून पडवीच्या पूर्वेला लावलेल्या झाडाचा वास पडवीत येतो, पश्चिमेला लावलेल्याचा माडांना जातो. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली सर्वांत उत्तम. दुपारी फुलं मिटून मरगळलेली दिसतात, तेव्हा घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी आपोआप टवटवीत होतात. पाणी बोटभर माती सुकल्यावरच, बुंध्याशी. दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम पुरे. युरिया दिलात तर पानंच पानं होतील.

तंबाखूचा मोझॅक विषाणू हा मोठा शत्रू. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे, पान आकसलेलं. त्यावर औषध नाही. झाड उपटून जाळा. विडी ओढलेल्या किंवा तंबाखू-चुना मळलेल्या हातावरूनही तो येतो, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला शिवू नये. मिरची, टोमॅटो, वांगी याच कुळातली. त्यांच्या वाफ्याजवळ हे झाड नकोच. मावा आणि पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पानं कुरतडणाऱ्या अळ्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

झाडाच्या सगळ्या भागांत निकोटीन असतं. पोरं, कुत्री, शेळ्या यांच्या तोंडी लागेल अशा ठिकाणी लावू नये. पानं चिकट असतात, खुडताना हातमोजे घाला.

सुकलेली फुलं खुडत राहिलात तर बहर लांबतो. मार्चमध्ये दोन-तीन बोंडं ठेवा, तपकिरी झाली की फुटण्याआधी कापून कागदी पुडीत सुकवा. पावसाळ्यात दमट हवेने बी बुरसतं. म्हणून पुडी भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून नवरात्रापर्यंत उघडू नका.