बास वर येतो, फटका मारतो आणि निसटतो: टॉपवॉटर लूरच्या या चुका टाळा

सांगलीला कृष्णेच्या काठी गळ टाकायला शिकलो, तेव्हा काकांनी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: थर्माकोलचा तुकडा बुडाला की लगेच हिसका द्यायचा. क्षणभर उशीर झाला तरी मासा कणीक खाऊन पसार. हाताला लागलेली ती सवय घेऊनच नोकरीनिमित्त डॅलसला आलो. लेक फोर्कवर पहिल्यांदा टॉपवॉटर लूर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं खोटं आमिष, फेकला, त्या सकाळी सात बास (इथले गोड्या पाण्यातले शिकारी मासे) वर आले. सातही वेळा मी जोरात हिसका दिला आणि सातही वेळा लूर हवेतून उडत माझ्याकडे आला.

लेक फोर्क म्हणजे डॅलसच्या पूर्वेला साधारण ११० किलोमीटरवरचं धरणाचं पाणी, सुमारे २७ हजार एकरांचं. बुडालेली झाडं आत अजून उभी आहेत आणि काठाला पाणवनस्पतींची गर्दी आहे. टेक्सासचा लार्जमाऊथ बासचा विक्रम, १८.१८ पौंडांचा मासा, इथेच जानेवारी १९९२ मध्ये लागला होता. इतक्या चांगल्या पाण्यावरही हात रिकामे राहत असतील, तर दोष पाण्याचा नसतो. इथल्या मराठी मित्रांबरोबर काही हंगाम काढल्यावर दिसतंय की आपल्यापैकी बहुतेकांच्या चुका त्याच त्या आहेत, आणि निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे: आपण ढील देत नाही.

दिसलं की हिसका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बास दातांनी तोडून खाणारा मासा नाही. तो तोंड एकदम उघडतो, आत पोकळी होते आणि पाण्याबरोबर भक्ष्य ओढलं जातं. पाण्याखालचा लूर सहज आत जातो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या लूरचं तसं नाही. त्याच्याबरोबर हवाही ओढली जाते, कधी बास नुसती शेपटी मारतो, कधी नेम चुकतो. पाणी उसळलेलं दिसतं तेव्हा लूर तोंडात असेलच असं नाही. त्याच क्षणी तुम्ही ओढलंत, तर लूर त्याच्या तोंडासमोरून तुम्हीच काढून घेतलात.

मग करायचं काय? काहीच नाही, हे उत्तर ऐकायला सोपं आणि पाळायला भलतं अवघड आहे. फटका बसला तरी लूर ज्या लयीत चालला होता त्याच लयीत चालू ठेवायचा. बासचा नेम चुकला असेल, तर तो बहुतेकदा पुन्हा येतो. पाठोपाठ दोन-तीन फटके मारणारे बास मी अनेकदा पाहिले आहेत. लूर तोंडात गेला असेल तर दोरी सरकते आणि रॉडच्या टोकाला वजन जाणवतं. वजन जाणवल्यावरच ओढायचं, तेही डोक्यावरून हिसका मारून नाही. रॉड बाजूला झुकवत, रील फिरवत, ताण वाढवत न्यायचा. लूरला लावलेले तिहेरी (तीन टोकांचे) गळ बारीक तारेचे आणि टोकदार असतात, ते एवढ्यानेच रुततात.

सराव म्हणून मी एक सकाळभर लूरकडे न बघता मासेमारी केली. नजर लूरच्या दहा फूट पलीकडे ठेवायची, लक्ष मनगटात. आवाज आला तरी मान वळवायची नाही. त्या सकाळी पाच फटक्यांपैकी चार मासे हाती आले. तेव्हा कळलं की दोष माझ्या वेगात नव्हता, मी डोळ्यांच्या इशाऱ्यावर हात हलवत होतो यात होता.

लूर सरळ येतो, डुलत नाही

टॉपवॉटरमधला जुना आणि आजही मासे देणारा प्रकार म्हणजे डावी-उजवीकडे डुलत चालणारा लांबट लूर. हेडन कंपनीचा झारा स्पूक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी जेम्स हेडन तळ्याकाठी लाकूड तासत बसले होते, तासलेला तुकडा त्यांनी पाण्यात टाकला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी या कंपनीच्या जन्माची गोष्ट सांगतात. प्लॅस्टिकचा झारा स्पूक १९३९ मध्ये आला. त्याला पुढे चोच नाही, मागे पंखा नाही. तो आपणहून काहीच करत नाही, सगळी चाल तुमच्या मनगटातून येते.

आणि इथेच नवखे अडकतात. ते दोरी ताणलेली ठेवून ओढत राहतात. ताणलेल्या दोरीवर लूरचं तोंड सतत तुमच्याकडेच राहतं, मग तो वळणार कुठे? पतंग उडवलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं. खेच द्या आणि लगेच ढील द्या. खेचेनं लूरचं नाक एका बाजूला वळतं, ढिलीत तो त्याच दिशेनं घसरत जातो, पुढच्या खेचेला नाक दुसरीकडे वळतं. रॉडचं टोक पाण्याकडे खाली, खेच चार-सहा इंचांचीच, आणि प्रत्येक खेचेनंतर टोक परत लूरच्या दिशेला. रील फक्त उरलेली ढील गोळा करायला फिरवायचं, लूर ओढायला नाही.

या ढिलीचा दुसरा फायदा मला उशिरा कळला. बास पाणी आत ओढतो तेव्हा दोरी सैल असेल, तर लूर त्या ओढीबरोबर सहज आत जातो. दोरी ताठ असेल तर तुम्ही बाहेरून धरून ठेवलेला असतो. म्हणजे लूर नीट डुलवता आला की मासे लागण्याचं प्रमाणही आपोआप वाढतं.

लूर डुलतच नसेल तर हात सुधारण्याआधी गाठ तपासा. नाकाच्या कडीवर आवळून बसलेली गाठ लूरला वळू देत नाही. सैल फासाची गाठ मारा किंवा नाकाला छोटी स्प्लिट रिंग (किल्लीच्या कडीसारखी दुहेरी कडी) लावा.

दोरी बुडते, लूरचं नाक खाली जातं

दुकानात फ्लुरोकार्बन दोरी महाग मिळते, म्हणून तीच चांगली असं वाटतं. पाण्याखालच्या लूरसाठी ती चांगलीच आहे. पण ती पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड असते. ढील दिली की ती बुडते आणि लूरचं नाक आपल्याबरोबर खाली खेचते. पॉपरचा (खोलगट तोंडानं पाणी उडवणाऱ्या लूरचा) ‘डुबुक’ आवाज गेला, स्पूक जड झाला, तर आधी रीलवर कोणती दोरी आहे ते बघा. साधी नायलॉन मोनो (एकेरी धाग्याची दोरी) पाण्यापेक्षा किंचितच जड, त्यामुळे फार सावकाश बुडते. १५ ते १७ पौंड ताण सोसणारी मोनो स्पूकला आणि पॉपरला पुरते. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तर तरंगतेच, पण ती इतकी मऊ असते की ढिलीत पुढच्या गळाभोवती गुंडाळते. ब्रेड वापरायचीच असेल तर पुढे दोन फूट जाड मोनो बांधा, गुंता थांबतो.

रॉडचंही असंच. काठीसारखा ताठ रॉड तिहेरी गळाच्या लूरला नको. मधल्या भागापर्यंत वाकणारा, साडेसहा ते सात फुटांचा रॉड तुमच्या उतावळेपणाचा थोडा भाग स्वतःच गिळून टाकतो.

बेडकाला वेगळा न्याय

वर सांगितलेलं जवळजवळ सगळं पोकळ रबरी बेडकाच्या बाबतीत उलटं होतं, आणि गोंधळ तिथेच होतो. हा लूर पाणवनस्पतींच्या जाड थरावरून ओढायचा असतो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून असतात, म्हणून तो शेवाळात अडकत नाही. मात्र बासने तो चावून दाबल्याशिवाय ते गळ उघडेही पडत नाहीत. गावाकडे मरळ पकडायला बेडूक लूर वापरलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल.

इथे फटक्यानंतर रॉड खाली करायचा, मनात ‘एक, दोन’ म्हणत ढील गोळा करायची आणि मग दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीनं झटका द्यायचा. इथे नरमाई चालत नाही. रॉड सात फुटांहून लांब आणि जाड हवा, दोरी ५० ते ६५ पौंडांची ब्रेड, मोनोचा तुकडा न जोडता थेट बांधलेली. मोनो ताणली जाते, मग गळ रुतत नाही आणि मासा वनस्पतीत डोकं खुपसून बसतो. रील वेगवान हवं, कारण मासा लागताच त्याला वर, मोकळ्यात खेचायचं असतं.

नवा बेडूक डब्यातून काढून तसाच फेकू नका. गळांची टोकं पकडीनं अगदी किंचित बाहेर वळवा. लांब पाय थोडे कापा, म्हणजे बास नुसते पाय धरून सुटत नाही. पाचसहा फेकींनंतर बेडूक पिळून पाणी काढा, नाहीतर तो जड होऊन बुडू लागतो. आणि बासने थर फोडूनही बेडूक हुकवला, तर त्या थराला पडलेलं भोक लक्षात ठेवा. बेडूक पुन्हा तिथेच नेऊन थांबवा.

वर्तुळं विरेपर्यंत थांबत नाही

फेक थेट जागेवर पडते हीही मोठी चूक. उथळ पाण्यात, बुंध्याशेजारी बसलेल्या बासच्या डोक्यावर साडेचार इंचांचा लूर आदळला तर तो पळतो. जागेच्या चार-सहा फूट पलीकडे फेका आणि लूर जागेपर्यंत चालवत आणा. पाणी आरशासारखं शांत असेल तर लूर पडल्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. पॉपर असेल तर दर दोन डुबुक्यांनंतर पुन्हा थांबा. कितीतरी फटके लूर निश्चल असतानाच बसतात. वाऱ्याने पाणी डचमळत असेल तेव्हा मात्र इतकं थांबून उपयोग नाही, तेव्हा मोठा आणि जास्त आवाजाचा लूर सलग चालवा.

रात्रीसाठी काळा लूर आणि एकसारखी, न तुटणारी चाल. अंधारात बास आवाजाचा माग काढत येतो. मध्येच वेग बदलला तर त्याचा नेम चुकतो.

सूर्य वर आला की आवराआवर

आपण सकाळी नऊला डबा उघडतो आणि टॉपवॉटर संपलं म्हणतो. ढगाळ दिवशी, पुलाच्या किंवा धक्क्याच्या सावलीत, झुकलेल्या झाडाखाली बास दुपारीही वर येतो. उलट बाजूची चूकही होते: फेब्रुवारीतल्या थंड पाण्यावर तासन्‌तास लूर डुलवत बसणं. पाणी साधारण १६ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मग या लूरचे दिवस सुरू होतात.

वसंतात शॅड मासे, म्हणजे बासचं आवडतं भक्ष्य, अंडी घालायला पहाटे काठाच्या दगडांशी, धक्क्यांशी आणि गवताच्या कडेला येतात. तो खेळ सूर्य वर येताच आवरतो, म्हणून त्या दिवसांत उजाडायच्या आधी पोहोचा. लूर पांढरा किंवा चंदेरी. त्यानंतर, मे महिन्यापासून, ब्लूगिल मासे उथळ पाण्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल घरटी करतात आणि बास त्यांच्या कडेने फिरत राहतो. तिथे छोटा पॉपर, जवळजवळ जागेवरच नाचवलेला. रंगावर एवढंच पुरे: बास खालून बघतो, त्याला पोट दिसतं. पाठीवरची सुंदर नक्षी आपल्यासाठी असते.

फटके येतात, पण अर्धवट

नीट थांबूनही मासे सुटत असतील तर लूर एका आकाराने लहान करा. मागचा गळ पिसांचा लावा, थांबलेल्या लूरमागे पिसं हलत राहतात आणि बास नेमकं तिथेच धरतो. आणि नखावर टेकवून पाहा: गळ रुतला नाही, नुसता घसरला, तर तो बदला. दुसरा रॉड तयार ठेवा, त्याला वजन न लावलेली मऊ रबरी कांडी. बासने लूर हुकवला की काही सेकंदांत ती त्याच जागी टाकून नुसती बुडू द्या. हा एक उपाय मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बास देऊन गेला आहे.

स्वतःला आणि माशाला जपा

हिसका फसला की सहा टोकं तुमच्या तोंडाकडे उडत येतात. चष्म्याशिवाय टॉपवॉटर फेकू नका, आणि मुलांना तर मुळीच फेकू देऊ नका. तिहेरी गळ हाताने काढू नका, लांब नाकाची पकड वापरा, कारण तडफडणारा मासा दुसरा गळ तुमच्या बोटात घालतो.

टेक्सासमध्ये १७ वर्षं आणि त्यापुढच्या बहुतेकांना मासेमारीचा परवाना लागतो. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासे पकडायला तो लागत नाही, त्यामुळे शिकायला ती जागा उत्तम. बास घरी न्यायचा असेल तर त्या तलावाचा नियम आधी वाचा. राज्यभराचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंचांचा, पण लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो.

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. मोठा बास नुसत्या जबड्याने आडवा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. त्या दिवसांत मी फोटोचा नाद सोडतो, गळ शक्यतो पाण्यातच काढतो आणि मासा हातातून आपणहून निघून जाईपर्यंत त्याला सरळ धरून ठेवतो.