उडणाऱ्या माशाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं की पोट्टे माझ्याकडं येतात, सर आम्ही उडणारा मासा करतो. करा ना बाप्पा, पण दरवर्षी त्याच त्या चुका काहून करता?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पर फडफडवणं. हा मासा पाखरासारखा उडतच नाही, छातीचे लांब पर ताठ पसरवतो अन् कागदाच्या विमानासारखा तरंगत जातो, बस. आधी शास्त्रज्ञही यावर भांडत होते, मग १९४१ मध्ये एजर्टन अन् ब्रेडर या दोन अमेरिकी संशोधकांनी हायस्पीड फोटो छापले, त्यात पर स्थिरच दिसले. तीन वर्षांमागं आमच्या पोट्ट्यांनी खेळण्यातल्या गाडीची मोटर बसवून पर हलवले, मीच हो म्हटलं होतं, गर्दी जमते म्हणून. परीक्षक दोन मिनिटं पाहत राहिले अन् म्हणे, गुरुजी, ही चिमणी पाण्यात कशी पडली? तेवढ्यात सेल बसला अन् मासा एक पर वर, एक खाली करून थांबला. उत्तेजनार्थ पण नाही भेटलं. तवापासून माझ्याकडं मोटरवाला मासा बंद, ज्याला धीर नाही त्यानं सोडा-लिंबाचा ज्वालामुखी करावा.

दुसरं, शेपटी. आपल्या तलावातल्या रोहूची शेपटी पाहून दोन्ही टोकं सारखी कापतात. या माशाचं खालचं टोक लांब असते अन् सगळा जोर तिथंच आहे. मासा पाण्यातून तिरपा वर येते, अंग हवेत अन् फक्त ते खालचं टोक पाण्यात, ते सेकंदाला पन्नासच्या वर वेळा हलवून वेग वाढवते अन् मग सुटते. वेग कमी झाला की तेच टोक पुन्हा पाण्यात बुडवून धक्का घेते, म्हणून एका दमात ५० मीटरच्या आसपास जाणारा मासा असं करत करत ४०० मीटरपर्यंतही जाते. २००८ मध्ये जपानमधल्या एका फेरीबोटीवरून ज्याचा व्हिडिओ काढला तो मासा ४५ सेकंद हवेत होता.

चार्टवर मासा ढगात काढू नका, तो पाण्याला लागूनच जाते, तिथं हवेचा आधार जास्त भेटते.

काही जातींना दोनच पर मोठे, काहींना पोटाकडचे धरून चार, आधी ठरवा.

वजनाचं मात्र सगळ्यांचंच चुकते. मी थर्माकोलच्या अंगाला चार्ट पेपरचे पर लावतो अन् नाकाला ओली कणिक. नाकावर आपटला तर चिमूटभर काढा, नाक वर करून गचकला तर चिमूटभर लावा. पोट्टे एकदम गोळा चिकटवतात अन् सर उडत नाही म्हणून बोंबलतात. अन् टेस्ट मैदानात नाही, व्हरांड्यात करा, तिथं वारा कमी लागते.