आठ गाळे मिळून एक बॅच: एमआयडीसीत सेफ्टी ट्रेनिंग कसं जमवायचं

रबाळ्याला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, माणसं ३८, त्यातली निम्मी ठेकेदाराची. मी सुपरवायझर, आणि "सेफ्टीपण तूच बघ" असं मालकांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं म्हणून तेही माझ्याकडेच. अशी चहावर नेमणूक झालेले लोक टीटीसीत, म्हणजे आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटला भरपूर असणार, हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आपली अडचण अशी की कायदा सेफ्टी ऑफिसर ठेवायला सांगतो तो मोठ्यांना. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये साधारणपणे १००० कामगारांची अट होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवीन संहिता लागू झाली त्यात ती ५०० वर आली, धोकादायक कारखान्यांना २५०. आपण ३८ वाले त्यात कुठेच बसत नाही. पण ट्रेनिंगचं तसं नाही. भोपाळनंतर १९८७ ला जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम १११अ आलं, आणि कामात सुरक्षित कसं राहायचं याचं ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क झाला, त्याला हजाराची अट नव्हती.

आता ट्रेनिंगवाल्याला फोन केला की तो पहिलं विचारतो, माणसं किती? त्याला एका बॅचला २५-३० डोकी लागतात, आणि आपण एका दिवशी पाचच्या वर माणसं सोडली तर डिस्पॅच लटकतो. म्हणून एकट्याने करायचंच नाही. आम्ही आठ गाळे एकत्र आलो, प्रत्येकी तीन-चार माणसं, बॅच भरली.

शेजाऱ्यांना कसं पटवायचं

व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही, नुसते अंगठे येतात. स्वतः जाऊन भेटा, आणि मालकाला नाही तर आधी त्यांच्या सुपरवायझरला भेटा, कारण दुखणं त्याचं असतं. सारख्या कामाचे गाळे धरा. वेल्डिंग-ग्राइंडिंगवाले एका बॅचला, केमिकल आणि पेंटवाले वेगळ्या. आम्ही पहिल्यांदा एक प्रिंटिंगवाला घेतला होता बरोबर, तो बिचारा दिवसभर वेल्डिंगच्या चष्म्यांचे प्रकार ऐकत बसला.

खर्च डोक्यामागे वाटायचा, आणि हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, नंतर "माझी दोनच आली" वगैरे सुरू होतं.

सरकारला बोलवायचं म्हणजे इन्स्पेक्टरला बोलवायचं का?

इथेच सगळे अडतात, मीपण अडलो होतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपण ज्याला डिश म्हणतो ते, त्यांचं नाव काढलं की मालक म्हणतात कशाला अंगावर ओढवून घेतो. यावर उपाय सोपा आहे, पत्र तुमच्या गाळ्याच्या लेटरहेडवर पाठवायचंच नाही, असोसिएशनच्या पाठवायचं. आपल्याकडे ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळेवाल्यांना ठाण्याची लघुउद्योग संघटना आहे, आणि कार्यक्रमपण गाळ्यात नाही, हॉलमध्ये ठेवायचा. आमच्याकडे आलेल्या साहेबांनी तासभर फक्त अपघात कसे होतात तेच सांगितलं, पॉवर प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कव्हर, काढून काम केलं की काय होतं ते फोटोसकट, आणि कोणाच्या लायसनचा विषयसुद्धा काढला नाही. शेवटी चार मालक स्वतःहून त्यांना प्रश्न विचारत उभे राहिले.

पत्रात फार लांबण नको. आमचं साधारण असं होतं:

"आमच्या संघटनेच्या आठ लघुउद्योगांतील सुमारे ३० कामगारांसाठी ग्राइंडिंग, वेल्डिंग, पॉवर प्रेस आणि उंचीवरील काम या विषयांवर एक दिवसाचे प्रशिक्षण आयोजित करीत आहोत. प्रशिक्षण हिंदी व मराठीत असावे, ही विनंती. आपल्या कार्यालयातील अधिकाऱ्यांनी एक तास मार्गदर्शन करावे. सोयीच्या दोन तारखा खाली देत आहोत."

दोन तारखा द्याच. एकच दिली की "त्या दिवशी साहेब बाहेर आहेत" हे उत्तर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

शिकवायला कोण

आपल्या नशिबाने दोन मोठ्या जागा हाताशी आहेत. एक सीबीडी बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल, केंद्राच्या कामगार मंत्रालयाने ४ मार्च १९६६ ला सुरू केलेली, म्हणूनच ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. ते आपल्या जागेवर येऊनपण ट्रेनिंग देतात. दुसरी सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट, तिथे सेफ्टीचं कायमचं प्रदर्शनच आहे, मशीनची गार्ड, मास्क, हार्नेस सगळं डोळ्यांनी बघायला मिळतं. फोन करून वेळ घ्या आणि दहा पोरांना घेऊन जा, ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने चुनाभट्टी. माझ्या पोरांना पीपीटीतलं काही आठवत नाही पण ती सहल आठवते.

आगीसाठी एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, पालिकेचंही आहे, पत्र दिलं तर डेमो होतो. फक्त एक करा, आग विझवायचा सिलिंडर प्रत्येकाच्या हातात द्यायला लावा. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दाबायचं, हे बघून येत नाही, त्या पावडरचा धक्का हाताला लागायला हवा. एक्स्पायरीला आलेले सिलिंडर रिफिलला द्यायच्या आधी यासाठीच वापरून टाकायचे.

प्रथमोपचाराला सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं सर्टिफिकेट चालतं, ते तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं हे लक्षात ठेवा. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये दर १५० माणसांमागे एक पेटी आणि ती सांभाळणारा ट्रेनिंग घेतलेला माणूस असं होतं, पण शिफ्ट दोन असतील तर माणसंपण दोन तयार करा, अपघात दिवसपाळी बघून होत नाही.

प्रायव्हेट ट्रेनर घ्यायला हरकत नाही, चांगले आहेत, पण "सरकारमान्य" या शब्दावर भुलू नका. कशासाठी मान्य, कोणाची मान्यता, नंबर काय, हे तीन प्रश्न विचारायचेच. सेफ्टीचा ॲडव्हान्स डिप्लोमा चालवायला एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, मान्यता असलेली संस्था वेगळी आणि तोच शिक्का दाखवून तुमच्या गाळ्यात क्रेनचं ट्रेनिंग विकणारा वेगळा. आम्ही एकदा फसलो. एक जण आला, इंग्लिशमधली पीपीटी २० मिनिटं, मग समोसा, मग बॅनरसमोर फोटो, ३८ सर्टिफिकेटं त्याच दिवशी हातात, त्यातली दोन सुट्टीवर गेलेल्या माणसांच्या नावाची. पुढच्याच महिन्यात प्रेसवर एका हेल्परचं बोट गेलं. त्याचं सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं होतं, ते मीच काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, बघवेना.

तेव्हापासून माझी अट एकच, ट्रेनरने ट्रेनिंगच्या आधी एकदा गाळ्यात यायचं आणि अर्धा तास काम चाललेलं नुसतं बघायचं. जो याला तयार होत नाही त्याला नाही म्हणायचं. जो येतो तो मग आपल्याच मशीनची उदाहरणं देतो, "तुमच्या त्या कोपऱ्यातल्या ग्राइंडरला गार्ड नाही" म्हणाला की पोरं सरळ बसतात. भाषेचंही तेव्हाच ठरवा. आमच्यात अर्धी भोजपुरी बोलणारी, चार ओडिशाची, ट्रेनर हिंदीत बोलला तरी ओडिशावाल्यांसाठी त्यांच्यातलाच एक जुना वेल्डर बाजूला बसवला होता, तो सांगत होता.

त्या दिवशी आणि नंतर

हजेरी सही किंवा अंगठ्यासकट घ्या, ठेकेदाराच्या माणसांचीपण, आणि ठेकेदारालाच समोर बसवा. त्याची पोरं दर महिन्याला बदलतात, म्हणून दिवसभराचं ट्रेनिंग एकदा आणि नवीन येणाऱ्याला कामावर घ्यायच्या आधी १५ मिनिटं, ही १५ मिनिटं कोण घेणार त्याचं नाव त्या दिवशीच ठरवा. आमच्याकडे तोच ओडिशाचा वेल्डर घेतो.

पंधरा दिवसांनी मी परीक्षा वगैरे घेत नाही, नुसता जाऊन म्हणतो, ग्राइंडरची डिस्क बदलून दाखव. मेन स्विच बंद करून प्लग काढला तर पास. नाही काढला तर तिथेच पुन्हा. याची एक वही ठेवलीय, त्याच वहीत "थोडक्यात वाचलो"वाले प्रसंगपण लिहितो, पुढच्या ट्रेनरला ती वही आधी दाखवायची.

तारखांचं बघा. ४ ते १० मार्चच्या सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना एकदम जाग येते, तेव्हा ट्रेनर मिळत नाहीत आणि मिळाले तरी घाईत असतात. अग्निशमनवाल्यांचा आठवडा १४ ते २० एप्रिल, १९४४ ला १४ एप्रिललाच मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला होता त्याच्या आठवणीत, त्या आठवड्यात डेमो हवा असेल तर पत्र मार्चमध्येच टाका. आम्ही मोठी बॅच जुलैत घेतो, शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीला लागून गुरुवारी दुपारपासून, म्हणजे प्रॉडक्शन अर्धाच दिवस जातं. गणपतीच्या तोंडावर कोकणातली माणसं गावाला, छठला बिहारवाली, त्यामुळे ऑगस्ट ते नोव्हेंबर बॅच भरतच नाही, तो नाद सोडा.