फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्ज बदलताना

फायरफॉक्स या वेब ब्राउझरच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये न दिसणारे असंख्य पर्याय उघडण्यासाठी अॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ असे रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे आणि समोर येणारी धोक्याची सूचना वाचून पुढे जावे. शेवटचा टॅब बंद करताच अख्खी विंडो बंद होते, हा त्रास (माझ्या मते सर्वांत चिडवणारा) टाळायचा असेल, तर तेथील शोधचौकटीत ‘क्लोजविंडोविथलास्टटॅब’ हे शब्द रोमन लिपीतच सलग लिहावेत. सापडलेल्या ओळीवर दोनदा क्लिक केले की ‘ट्रू’चे (चालू) ‘फॉल्स’ (बंद) होते आणि ओळ ठळक अक्षरांत दिसू लागते. बदल न रुचल्यास ओळीच्या उजव्या टोकाचे वळणदार बाणाचे बटण दाबून मूळ मूल्य परत आणता येते.